आठ दिवसांची मौन साधना : समर्पणाची घाई न करणारे एक साधनागृह

घाटमाथ्यावरील एका कॅथलिक साधनागृहात वर्षातून काही ठरावीक तारखांना आठ दिवसांची मौन साधना घेतली जाते. धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्यासाठी अशी वार्षिक साधना नेमातलीच असते. या घराचे वैशिष्ट्य असे की येथे प्रापंचिक माणसांनाही त्याच साधनेत, त्याच मार्गदर्शकांकडे आणि त्याच पंगतीत सामावून घेतले जाते. आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत ‘रिट्रीटला जाऊन आलो’ हे वाक्य नेहमी ऐकू येते, परंतु त्याचा अर्थ बहुधा धर्मग्रामातील (पॅरिशमधील) दोन-तीन संध्याकाळची प्रवचने किंवा एखाद्या मैदानावरचे मोठे प्रार्थना-शिबिर असा असतो. मौन साधना ही त्याहून निराळी गोष्ट आहे. ती कशी चालते, तिथली व्यवस्था कशी आहे, आणि आपले जीवन देवाच्या स्वाधीन करणे हा जो तिचा गाभा, तो तिथे किती जबाबदारीने हाताळला जातो, हे जाऊ इच्छिणाऱ्यांना आधी कळावे म्हणून हे लिहीत आहे.

या साधनेची आखणी संत इग्नेशियस लोयोला यांची. स्पेनच्या बास्क प्रांतातील हा सरदारपुत्र १५२१ च्या मे महिन्यात पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळा लागून जायबंदी झाला आणि घरी अंथरुणाला खिळला. करमणुकीसाठी त्याने शौर्यकथा मागितल्या; घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा त्याच्या हाती दिल्या गेल्या. पडल्या पडल्या त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. दरबार, तलवार आणि मानमरातब यांची स्वप्ने रंगवताना मन सुखावत असे, पण नंतर कोरडे पडत असे. संतांसारखे जगण्याचा विचार केला की जो आनंद येई तो विचार संपल्यावरही टिकून राही. १५२२ च्या मार्चमध्ये त्याने मोन्सेरात येथील मरियामातेच्या वेदीपाशी रात्रभर जागरण केले आणि आपली तलवार तिथे अर्पण केली. मला या चरित्रातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. तलवार एका रात्रीत सुटली, पण तलवार धरणारा माणूस देवाच्या हाती पूर्णपणे येण्यासाठी जवळच्या मानरेसा गावातले सुमारे अकरा महिने लागले, आणि त्या महिन्यांत त्याने आपल्या पापांविषयीच्या संशयाची इतकी तळमळ सोसली की जीव नकोसा व्हावा. त्या अनुभवाच्या टिपणांतून जी साधना तयार झाली, तिच्या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. १५४२ साली गोव्यात आलेले संत फ्रान्सिस झेवियर यांनी पॅरिसमध्ये इग्नेशियस यांच्याच देखरेखीखाली ही साधना केली होती.

मूळ साधना तीस दिवसांची असून ती चार ‘आठवड्यां’त विभागलेली आहे. पहिल्यात माणसाच्या जगण्याचे प्रयोजन, त्याचे पाप आणि देवाची दया; दुसऱ्यात येशूचे जीवन आणि त्याच्यामागे जाण्याचे आमंत्रण; तिसऱ्यात त्याचे दुःखसहन; चौथ्यात पुनरुत्थान. आठ दिवसांच्या प्रकारात हाच मार्ग आवळून घेतलेला असतो. सर्वस्व अर्पण करण्याची इग्नेशियस यांची प्रसिद्ध प्रार्थना या मार्गाच्या अगदी शेवटी येते. हे घर तो क्रम कटाक्षाने पाळते, आणि त्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन ते याचसाठी. मोठ्या शिबिरांत पहिल्याच संध्याकाळी, गाणे टिपेला पोहोचलेले असताना, हात वर करून ‘प्रभू, मी माझे जीवन तुला देतो’ असे म्हणवून घेतले जाते. त्या क्षणी हात वर करणाऱ्यांचे अश्रू खोटे नसतात आणि त्यांतून आयुष्ये बदललेली मी पाहिली आहेत. तरीही काय देतो आहोत याची ओळख पटण्यापूर्वी दिलेले दान घरी पोहोचेपर्यंत पुन्हा आपल्याच खिशात आलेले असते, हेही तितकेच पाहिले आहे.

मराठी ख्रिस्ती वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला, परंतु त्यांनी पुढे आपल्या साक्षीत स्पष्ट लिहिले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले : ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. संस्कृत शास्त्रे कोळून प्यायलेल्या, वादात कोणाला हार न जाणाऱ्या बाईंना जर इतका अवधी लागला, तर सामान्य माणसाला एका संध्याकाळी ते जमावे ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

आता व्यवस्थेविषयी. नोंदणीच्या अर्जात नाव-पत्त्याबरोबर यापूर्वी मौन साधना केली आहे का, प्रार्थनेची सवय कितपत आहे, आणि मानसिक आजाराचे काही औषध चालू आहे का, हे प्रश्न असतात. पहिल्यांदाच येणाऱ्याला आधी शनिवार-रविवारची छोटी साधना करून पाहण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो मानावा. खोली एकट्याची : लोखंडी पलंग, टेबल, खुर्ची, भिंतीवर क्रूस. न्हाणीघर मजल्याला सामाईक. जेवण साधे आणि गरम असते. पोळी-भाजी, वरण-भात, दुपारी कधी मासळी, शुक्रवारी शाकाहार. मोबाइल पहिल्या रात्री कार्यालयात जमा करायचा असतो. घरून अडचणीचा निरोप आल्यास तो चिठ्ठीने पोहोचवला जातो. जेवतानाही मौन असते, त्यामुळे पहिल्या एक-दोन जेवणांत ताटावर चमचा आपटल्याचा आवाज साऱ्या भोजनगृहाला ऐकू जातो आणि प्रत्येक जण संकोचतो. नंतर तो संकोच मावळतो आणि शेजारच्याला मीठ हवे आहे हे न सांगता कळू लागते.

दिवसाला चार वेळा सुमारे तासभर वैयक्तिक प्रार्थना, संध्याकाळी मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची मुख्य उपासना), रात्री पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे वेदीवर ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादासमोर, आराधना. सकाळी प्रत्येकाला बायबलमधील दोन-तीन उतारे दिले जातात. इग्नेशियस यांची सूचना अशी आहे की पुष्कळ जाणून घेतल्याने आत्म्याचे समाधान होत नाही, एखादी गोष्ट आतून चाखल्याने होते. म्हणून एका ओळीवर मन रेंगाळले तर पुढे जायचे नाही. दुसरी सूचना अधिक कठीण आहे. प्रार्थना रुक्ष झाली, मन उठून जायला बघू लागले, तर ठरवलेल्या तासाहून क्षणभर अधिकच बसायचे. त्या एका सूचनेने मला प्रार्थनेविषयी जितके शिकवले तितके अनेक प्रवचनांनी शिकवले नव्हते, कारण कोरडा तास हा देव रुसल्याचा पुरावा नसतो, हे बसून राहिल्याशिवाय कळत नाही.

या सेवेची खरी प्रत ठरते ती मार्गदर्शकावरून. दररोज अर्धा तास प्रत्येक साधकाची एकट्याने भेट होते. माझ्या वाट्याला एक ज्येष्ठ धर्मभगिनी आल्या होत्या. लहानशी खोली, वेताच्या दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि खिडकीत जास्वंदाची कुंडी. सिस्टर रोज एकच प्रश्न विचारत : ‘काल प्रार्थनेत काय झालं?’ मी उताऱ्याचा अर्थ सांगू लागले की त्या शांतपणे ऐकून घेत आणि पुन्हा विचारत, ‘हा अर्थ झाला. तुमचं काय झालं?’ उपदेश त्यांनी जवळजवळ केलाच नाही. साधनेच्या पुस्तकात मार्गदर्शकाला ताकीदच दिलेली आहे की त्याने साधकाला कोणत्याही एका बाजूला झुकवू नये. निर्माता आणि त्याचा जीव यांना एकमेकांशी थेट व्यवहार करू द्यावा. ही ताकीद पाळणारा माणूस मिळणे हे भाग्य आहे, कारण दुसऱ्याच्या आयुष्यात देवाची इच्छा कोणती हे सांगण्याचा मोह आपल्या धर्मग्रामांत पुष्कळांना आवरत नाही.

दुसऱ्या टप्प्यात तीन प्रकारच्या माणसांचे एक मनन येते, आणि समर्पण म्हणजे काय हे मला त्यातून जितके नेमके कळले तितके दुसऱ्या कशातून कळले नाही. तिघांनाही दहा हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मिळाली आहेत. ती त्यांनी अगदीच निर्मळ हेतूने मिळवलेली नाहीत, तिघांनाही त्या धनाची ओढ मनाला बोचते आहे आणि तिघांनाही देवाशी समेट हवा आहे. पहिला ओढ सुटावी असे म्हणत राहतो आणि मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसऱ्याला ओढ सुटायला हवी असते, पण पैसा हातचा जाता कामा नये. म्हणजे देवानेच त्याच्या बाजूला यावे. तिसरा पैसा ठेवण्याचाही हट्ट धरत नाही आणि टाकण्याचाही धरत नाही; देवाच्या सेवेला जे अधिक योग्य ठरेल ते करायला तो मोकळा होतो.

माझ्या बाबतीत दहा हजार डुकाटांच्या जागी वसईतल्या आमच्या वाडीचा एक तुकडा होता. वडिलांच्या पश्चात त्याच्या वाटणीवरून भावंडांत बोलणे उरले नव्हते, आणि मी बराच काळ त्यासाठी प्रार्थना करत होते. सिस्टरांनी विचारले, ‘प्रार्थनेत तुम्ही नेमकं काय मागता?’ मी म्हटले, मनातला कडवटपणा जावा. त्या म्हणाल्या, ‘आणि जमीन?’ मग त्या गप्प बसल्या आणि मीही. वाटणी सोडावी की लढावी, हे त्यांनी त्या दिवशी सांगितले नाही आणि नंतरही सांगितले नाही. उलट, न्याय्य हिस्सा मागणे हेही देवाला मान्य असू शकते, हे त्यांनी आवर्जून बोलून दाखवले. तिसऱ्या माणसाची मोकळीक म्हणजे उदारपणाचा देखावा नव्हे, इतके मात्र त्या तासानंतर स्पष्ट झाले. देवाला ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना उत्तर आधीच ठरवून ठेवणे, मग ते उत्तर कितीही त्यागाचे दिसो, हे समर्पण होत नाही.

तिसऱ्या टप्प्यातील गेथशेमाने बागेच्या, म्हणजे येशूने अटकेपूर्वी जिथे प्रार्थना केली त्या बागेच्या, उताऱ्यावर साधनागृह पुरेसा वेळ देते, याचाही उल्लेख करायला हवा. येशू तिथे थेट स्वाधीन होत नाही. आधी तो हा प्याला दूर कर असे मागतो, घाबरतो, मित्रांना जागे राहण्याची विनंती करतो, आणि तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा करतो. आपले दुःख, आपली भीती, आपली मागणी पित्यासमोर मांडल्यानंतरच त्याच्या तोंडी ‘माझी नव्हे, तुझी इच्छा’ हे शब्द येतात. आपल्याकडे आजारी माणसाला, नोकरी गेलेल्याला, किंवा नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘सगळं देवाच्या हाती सोपव’ असे सांगून तिची तक्रार तिथेच थांबवली जाते, तेव्हा बागेतली ही पहिली प्रार्थना गाळली जाते. या विषयावर साधनेच्या एका सायंकाळी फादरांनी दिलेले छोटे प्रवचन फार मोलाचे होते. भीतीपोटी मान तुकवणे आणि देवाला जीवन अर्पण करणे यांत गल्लत करू नका, असे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, आणि घरात हिंसा सोसणाऱ्या व्यक्तीने आधी सुरक्षित जागी जावे, मदत घ्यावी, हेही त्याच वेदीवरून सांगितले. एवढे स्पष्ट बोलणे मी धार्मिक व्यासपीठावर क्वचितच ऐकले आहे.

शेवटच्या दिवशी प्रेमप्राप्तीचे मनन असते आणि त्यात ती अर्पणाची प्रार्थना हाती येते. तीत प्रभूला आपले सारे स्वातंत्र्य, स्मृती, बुद्धी आणि इच्छा घेण्याची विनवणी आहे; जे काही माझे आहे ते तूच दिलेस, तुलाच परत करतो, तुझ्या इच्छेप्रमाणे त्याचा विनियोग कर; मला तुझे प्रेम आणि तुझी कृपा दे, तेवढे मला पुरे आहे, असा तिचा आशय. अर्पणाच्या यादीत पहिले नाव स्वातंत्र्याचे आहे, हे त्या दिवशी प्रथमच नीट ध्यानात आले. ज्याला स्वातंत्र्य कधी मिळालेच नाही, तो ते देणार कोठून? म्हणूनच इतके दिवस एका धर्मभगिनीने माझ्या उत्तरांना हात न लावता मला स्वतःच्या पायांवर उभे केले होते. स्मृतीचे अर्पण मला सर्वांत जड गेले. वाडीवरून झालेले एकेक बोलणे मनात जपून ठेवलेले होते, आणि ते प्रभूच्या हाती द्यायचे म्हणजे त्यावरचा आपला हक्क सोडायचा. प्रार्थनेचे शब्द मी त्या दिवशी पूर्ण म्हटले. ते रोज म्हणावे लागतात, आणि काही दिवशी अर्ध्यावर अडखळतात.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव भाषेची आहे. उताऱ्यांचे आणि सूचनांचे कागद इंग्रजीत मिळतात. मराठी प्रती मागितल्यावर जुन्या, पुसट झेरॉक्स पुढे आल्या. मिस्सा बहुतेक दिवस इंग्रजीत झाली. मराठी बोलणारे मार्गदर्शक आहेत, पण नोंदणीच्या वेळी स्वतःहून मागितले नाहीत तर ते मिळतीलच असे नाही. इग्नेशियस यांनी स्थापलेल्या येशूसंघाचेच फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले, इथली भाषा शिकले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोल येथे छापले गेले. चार शतकांपूर्वी ओवीतून ख्रिस्तकथा सांगण्याइतकी आस्था ज्या परंपरेने दाखवली, तिच्या साधनेचे कागद आज महाराष्ट्रातल्या घरात मराठीत नसावेत, हे मनाला लागते. हा सोयीचा प्रश्न नाही. माणूस प्रार्थनेत खोल उतरला की आईशी बोलतो त्या बोलीत देवाशी बोलू लागतो. मी वाडवळीत, आमच्या वसईकडच्या बोलीत, बोलते. इंग्रजी न येणाऱ्या शेतकऱ्याला, कोळणीला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला ही साधना दुरून दिसत राहते, आणि त्यांना तिची गरज आणि तिच्यासाठीची तयारी माझ्याहून कमी नाही.

दुसरी उणीव परतल्यानंतरची. निरोप देताना रोज रात्री पंधरा मिनिटे दिवसाचे आत्मपरीक्षण करा, एवढे सांगितले जाते. त्यानंतर विचारपूस नाही, पत्र नाही, आपल्या परिसरात मार्गदर्शन कोण करू शकेल याची यादी नाही. मौनातून थेट लोकलच्या गर्दीत आलेल्या माणसाचा दुसरा आठवडा अवघड जातो. इग्नेशियस यांचा त्या वेळेसाठी एक शहाणा नियम आहे : मन खचलेले असताना, आधी उजेडात घेतलेला निर्णय बदलू नये. हा नियम तोंडी सांगण्यापेक्षा छापून हाती द्यायला हवा. किरकोळ गोष्टींत, पावसाळ्यात खोल्यांना ओल येते, गाद्या दमट लागतात आणि कपडे वाळत नाहीत. दिवाळीनंतरच्या तारखा घ्याव्यात. लग्नसराईत खालच्या रस्त्यावरून वराती जातात, त्याला घर जबाबदार नाही.

कोणी जाऊ नये, हेही लिहायला हवे. नुकताच मृत्यू घडलेल्या घरातील माणसाने, किंवा नैराश्यावर उपचार चालू असलेल्याने, डॉक्टरांशी आणि मार्गदर्शकाशी आधी बोलल्याशिवाय दीर्घ मौनात बसू नये. मौन काही जखमा उघडते आणि त्यांवर उपचार करणे हे साधनागृहाचे काम नाही. हे घर अर्जातच तसे विचारते, ही त्याच्या जमेची बाजू आहे. तसेच, कोणाच्या आग्रहाने, नवस म्हणून, किंवा लग्न-नोकरीचा निर्णय देव चिठ्ठीवर लिहून देईल अशा आशेने येणाऱ्याची निराशा होईल.

खर्चाची पद्धत सन्मानाची आहे. राहण्या-जेवणाचा अंदाजे खर्च कार्यालयात सांगतात, शेवटच्या दिवशी पाकिटात घालून पेटीत टाकायचा. कोणी किती टाकले हे पाहिले जात नाही आणि कमी देणाऱ्याला वेगळी वागणूक मिळत नाही. ज्यांना लहान मुले, आजारी माणसे किंवा पाळीचे काम यांमुळे घर सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी साधनेच्या पुस्तकातील एकोणिसाव्या सूचनेत सोय केलेली आहे : घरीच राहून, रोज तास-दीड तास प्रार्थना करून, मार्गदर्शकाला ठरावीक अंतराने भेटत ही साधना कित्येक महिन्यांत पूर्ण करता येते. या घरात ती दिली जाते, पण फलकावर तिचा उल्लेख नाही. कार्यालयात विचारावे लागते. मराठी मार्गदर्शक हवा असल्यास अर्जावर तसे ठळक लिहावे आणि आठवडाभराने फोन करून खात्री करावी, कारण गट एकदा पाडले की मार्गदर्शक बदलून मिळत नाही.